पेंढा आमचा, शेण तबेल्याचं, आणि कागद कुणाकडेच नाही

दिवाळीनंतर गावी मुरबाडला गेलेलो, ठाण्यात परत आलो तरी तेच डोक्यात फिरतंय म्हणून लिहून टाकतो. काकांच्या खळ्यावर पेंढ्याची उडवी भिजून काळी पडलेली, हात घातला तर आतून गरम वाफ आणि कुबट वास. भिवंडीकडच्या एका तबेलेवाल्याने कापणीआधीच सांगितलेलं, दादा सगळा पेंढा मीच उचलतो, उन्हाळ्यात शेणखताच्या ट्रॉल्या पाठवतो. काकांनी त्या भरवशावर दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलं. मग तबेलेवाल्याला पेंढा कुठेतरी स्वस्तात मिळाला, फोन उचलणं बंद, आणि वरून अवकाळी.

काका म्हणतात, "जाऊ दे रे, शब्दावरचा व्यवहार होता." मला हे अजिबात पटत नाही. गरज दोघांनाही आहे ना! तबेल्यात शेण टाकायला जागा नाही, आपल्याकडे राब भाजायला (भाताची रोपं पेरायच्या आधी ती जागा जाळून घेतात ना, त्याला) शेणी गोळा करता करता बायकांची कंबर मोडते. मग भारे किती, उचलायचे कधीपर्यंत, टेम्पोचं भाडं कोणाचं, खत कुजलेलं देणार की ओलं, हे स्टॅम्प पेपरवर लिहून दोघांनी सह्या करायला काय हरकत आहे? लिहून घेतलं म्हणजे अविश्वास दाखवला असं नाही होत.

तेच मधमाशीपालनाचं. काकडीला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, माशी फिरली नाही तर फळ वाकडं येतं नाहीतर गळून जातं. भाजीवाल्याने पेट्या ठेवून घ्याव्यात, पण फवारणीच्या दोन दिवस आधी कळवायचं हे कागदावर हवंच, नाहीतर पेटीवाल्याची अख्खी वसाहत एका सकाळी मरते आणि भरपाई मागायची कोणाकडे?

पुढे जाऊन १० उत्पादक जमले तर शेतकरी उत्पादक कंपनी, म्हणजे उत्पादकांच्याच मालकीची कंपनी काढता येते, २००२ च्या दुरुस्तीपासून कंपनी कायद्यात सोय आहे, आणि त्यात सगळे भातवालेच हवेत असं काही नाही, दूधवाला भाजीवाला एकत्र बसू शकतात. पण आधी दोघांचा एक कागद तरी होऊ दे.

रविवारी काकांना घेऊन कल्याणजवळच्या दुसऱ्या एका तबेल्यावर जातोय. एक पानी मसुदा मीच लिहिलाय. काल फोनवर वाचून दाखवला तेव्हा काका बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "ठरलेल्या तारखेनंतर पाऊस आला तर नुकसान त्याचं, हे पण टाक."