तेलाच्या वाटेने: आमची वाटचाल

जेट इंजिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समोरचा मोठा पंखा येतो, नाहीतर मागून निघणारा झोत. आमचं काम या दोन्हींच्या मधे, इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेल्या गिअरबॉक्सपाशी आहे. तिथे एकमेकांना खेटून बरीच युनिटं असतात. त्यांतले तेलाचे पंप, बेअरिंगवर तेल सोडणारे नोझल आणि इंधन मोजून देणाऱ्या कंट्रोल युनिटमधले व्हॉल्व्ह आम्ही दुरुस्त करतो. यांतले काही भाग आता बनवतोही. कारखाना लहान आहे आणि तो लहानच ठेवायचं आम्ही ठरवलं आहे.

मी आणि माझे भागीदार, दोघंही मशीन टूलच्या धंद्यातले. ग्राइंडिंग, होनिंग, लॅपिंग, म्हणजे धातू घासून अचूक मापाला आणायची कामं, हेच आमचं भांडवल. विमानाशी संबंध आला तो गिअर पंपाच्या बुशमुळे, म्हणजे गिअरचा दांडा ज्यात फिरतो त्या कड्यामुळे. पंप दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीला त्या बुशची तोंडं ग्राइंड करून हवी होती आणि तिच्या नेहमीच्या कारखान्यात ते काम बसत नव्हतं. दिसायला सोपं. दोन गिअर एका घरात फिरतात, दातांच्या खाचांत तेल धरून पलीकडे नेतात. पण गिअरच्या तोंडाशी जी फट राहते तिच्यावर सगळा खेळ. फट वाढली की तेल आतल्या आत मागे सरकतं आणि दाब धरत नाही. कमी पडली की गिअर बुशला चाटतो आणि पंप जाम होतो.

त्यात तेलाचा स्वभाव वेगळाच. टर्बाइन इंजिनात खनिज तेल चालत नाही. सुरुवातीच्या जेट इंजिनांत ते वापरलं जायचं, पण बेअरिंगचं तापमान वाढत गेलं तसं सिंथेटिक एस्टर तेल आलं. आज सर्रास वापरलं जाणारं तेल एमआयएल-पीआरएफ-२३६९९ या स्पेसिफिकेशनचं. १०० अंश सेल्सिअसला त्याची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) साधारण ५ सेंटिस्टोक्स असते, आणि उणे ४० अंशांना ती १३,००० सेंटिस्टोक्सपर्यंत गेली तरी स्पेसिफिकेशनला मान्य आहे. पंप तोच, फट तीच, आणि तेल अडीच हजार पटींनी घट्ट! हेच तेल साध्या रंगाला टिकू देत नाही आणि साध्या रबराचे सील फुगवून टाकतं. मशीन टूलच्या तेलात हात बुडवून वाढलेल्या माणसाला इथे बरंच काही नव्याने शिकावं लागतं.

बुशवरून पंपाकडे आणि पंपावरून संपूर्ण तेलव्यवस्थेकडे आम्ही वळलो, कारण नुसती बुश नीट करून पंप नीट होत नाही हे लवकरच दिसलं. नव्या माणसाला मुलाखतीत मी अजूनही एक प्रश्न विचारतो. दाबाने तेल पाठवणारा पंप जेवढं तेल पाठवतो, तेवढंच परत आणायचं असतं. मग परत आणणाऱ्या स्कॅव्हेंज पंपांची क्षमता सहसा दुप्पट किंवा त्याहूनही जास्त का ठेवतात? पुस्तकात वाचलेले बरेच जण इथे अडखळतात. बेअरिंगच्या कप्प्यातून तेल बाहेर येऊ नये म्हणून त्याच्या सीलवर कॉम्प्रेसरमधली हवा सोडलेली असते. ती हवा आत शिरते, तेलात मिसळते, आणि परत येताना तेलाचा नुसता फेस असतो. स्कॅव्हेंज पंपाला तेल कमी आणि हवाच जास्त ओढावी लागते. टाकीत आल्यावर ती हवा वेगळी काढायची, तेल निवू द्यायचं, पुन्हा पाठवायचं. एवढा सगळा खटाटोप वंगणासाठी नसतोच खरं तर. बेअरिंगला वंगण म्हणून थोडंसंच तेल पुरतं. बाकीचं सगळं उष्णता वाहून नेण्यासाठी.

नोझलचं काम आमच्याकडे आलं ते याच ओघात. बारीक भोक, बाहेरून काहीच वाटू नये असं. पण त्यातून निघालेली तेलाची धार बेअरिंगचा केज (गोळ्या जागेवर धरणारी जाळी) आणि आतली रिंग यांच्यामधल्या अरुंद फटीत नेमकी जायला हवी. भोक जरा तिरकं गेलं की तेल भलतीकडेच उडतं, आणि दाबाचा काटा मात्र अगदी व्यवस्थित दिसतो. म्हणून नोझल नुसता मोजून पास करत नाहीत. ठरलेल्या अंतरावर भोकाची पट्टी धरतात, धार सोडतात आणि तिच्यातलं किती तेल पलीकडे पोचलं ते मोजतात. जुने नोझल येतात तेव्हा पुष्कळदा आत कोक बसलेला असतो. गरम इंजिन थंड होऊ न देता बंद केलं की थांबलेलं तेल जागच्या जागी जळतं आणि काळं, कडक होऊन बसतं. हा कोक खरवडून काढायचा नाही. खरवडला की भोक गेलं.

तेलाची साधी नळीसुद्धा किती महाग पडू शकते याचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचं एक ट्रेंट ९०० इंजिन हवेत फुटलं. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने तपास केला तेव्हा मूळ सापडलं ते तेल नेणाऱ्या एका आखूड नळीत. नळीच्या टोकाला आतून मोठं केलेलं भोक मध्यापासून सरकलं होतं. एका बाजूची भिंत पातळ राहिली, तिथे धातूच्या थकव्याने (वारंवारच्या ताणाने) तडा गेला, गळालेल्या तेलाला आग लागली आणि अखेर टर्बाइनची चकती फुटून बाहेर आली. विमानातले ४६९ जण सुखरूप उतरले. आमच्या तपासणीच्या खोलीत अशा नळीच्या छेदाचं चित्र लावलेलं आहे. व्यास बरोबर आला म्हणून नळी पास होत नाही. भिंतीची जाडी चारही बाजूंनी मोजायची आणि ते आकडे लिहून ठेवायचे.

दुसरं उदाहरण जुनं आहे आणि मला ते जास्त अस्वस्थ करतं. ५ मे १९८३ रोजी ईस्टर्न एअर लाइन्सचं एल-१०११ विमान मायामीहून नासाऊला निघालं होतं. तेलातले लोखंडाचे कण पकडणारे चुंबकी प्लग तिन्ही इंजिनांवर बदलले होते आणि तिन्हींवर ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) नव्हत्या. मेकॅनिकना नेहमी ओ-रिंग लावलेले प्लग तयार मिळत. त्या दिवशी स्टोअरमधून आले ते ओ-रिंगशिवाय. तिन्ही इंजिनांचं तेल उडता उडता गळून गेलं. आधी बंद केलेलं एक इंजिन पुन्हा चालू करून वैमानिकांनी विमान मायामीला परत आणलं. १७२ जण वाचले. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक प्लगबरोबर, त्याच पिशवीत, त्याची ओ-रिंग असते आणि पिशवीवर तसं लिहिलेलं असतं. एका ग्राहकाने ओ-रिंग वेगळ्या खोक्यात एकगठ्ठा पाठवा, पॅकिंग स्वस्त पडेल, असं सुचवलं होतं. आम्ही नाही म्हणालो. तो ग्राहक टिकला, एवढं सांगतो.

यापुढचा टप्पा इंधनाच्या कंट्रोल युनिटचा. आमचा खरा कस इथे लागला. हायड्रोमेकॅनिकल कंट्रोल म्हणजे विजेशिवाय चालणारा गणकच. फिरणारी वजनं इंजिनाचा वेग सांगतात, बेलोज (दाबाने फुगणारे-आकसणारे धातूचे भाते) हवेचा दाब सांगतात, त्रिमितीय कॅम (उंचसखल पृष्ठभागाचा फिरणारा भाग) या सगळ्याचा हिशेब मांडतो आणि एक व्हॉल्व्ह तेवढंच इंधन सोडतो. इंधन घाईने वाढलं तर कॉम्प्रेसर सर्ज होतो (हवा उलटी फिरते) आणि टर्बाइन भाजते. घाईने कमी झालं तर ज्वाळाच विझते. या दोन्हींच्या मधली अरुंद पट्टी त्या कॅमच्या पृष्ठभागावर कोरलेली असते. आतले भाग हलवणारा द्रव आणि त्यांचं वंगण, दोन्ही कामं इंधनच करतं. आणि केरोसिन हे काही फार चांगलं वंगण नव्हे. व्हॉल्व्हमधली सरकणारी दांडी म्हणजे स्पूल आणि ती ज्यात सरकते ती नळी म्हणजे स्लीव्ह, यांच्यातली फट काही मायक्रॉनची. प्रत्येक स्पूल आपल्याच स्लीव्हसाठी लॅप केलेला. जोडी फोडली की दोन्ही निकामी.

या कामाने आमच्या माणसांच्या हाताचं वळण बदलावं लागलं. मशीन शॉपमधला कारागीर आयुष्यभर कड मारत, म्हणजे धार घासून बोथट करत आलेला असतो. कुठलीही धार दिसली की हात आपोआप पॉलिश पेपरकडे जातो. मोजमापाच्या स्पूलला मात्र कड मारायची नसते. बर (कापताना कडेला राहिलेली धातूची कुस) नको आणि गोलाईही नको. धार तशीच राहायला हवी, कारण तिच्यावरच इंधनाचं माप ठरतं. आमच्या लॅपिंग विभागातल्या ज्येष्ठ कारागिरांना सगळे काका म्हणतात. नुकतीच रुजू झालेली एक इंजिनिअर त्यांना म्हणाली, "काका, मायक्रोस्कोपखाली तर बर दिसत नाही. मग परत का पाठवलात?" ते म्हणाले, "अगं, बर नाही हे खरंच. पण कड बघ, चमकतेय. चमकली म्हणजे गोल झाली." तिने जास्त मोठं करून बघितलं. त्यानंतर तीही आधी चमक बघते.

या टप्प्यावर आम्ही कर्ज काढलं आणि सगळं टेस्ट बेंचमध्ये, म्हणजे भाग चालवून तपासायच्या यंत्रात घातलं. बँकेच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, या मशीनवर महिन्याला किती माल निघेल? भागीदार म्हणाले, "साहेब, यावर माल निघत नाही. अडतो." कर्ज कसं मिळालं ते अजून कळलेलं नाही! बेंचवर विमानाचं इंधन वापरत नाहीत. इंधनाची घनता आणि व्हिस्कॉसिटी साठ्यागणिक बदलते. मग आज केलेलं माप उद्याशी जुळणार कसं? त्यासाठी गुणधर्म ठरवून दिलेला कॅलिब्रेशन द्रव मिळतो, आणि त्याचं तापमानही बांधून ठेवावं लागतं. माझ्या मते लहान कारखान्याने या धंद्यात उतरायचं तर मशीन जुनं चालेल, बेंच जुना चालणार नाही. ज्याची चाचणी आमच्याकडे होऊ शकत नाही ते काम आम्ही घेत नाही. या नियमामुळे मोठ्या ऑर्डरी गेल्या आहेत आणि त्याबद्दल आम्हा दोघांत वादही झाले आहेत. भागीदारांचं म्हणणं असं की चाचणी बाहेरून करून घेता येते. येते, पण मग नापास भागाचं कारण आपल्या माणसांना दिसत नाही.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं तेव्हा तुमचा धंदा संपला, असं आम्हाला बऱ्याच जणांनी ऐकवलं. तसं ते नवं नव्हतंच. कॉन्कॉर्डच्या ऑलिंपस इंजिनांवर अॅनालॉग इलेक्ट्रॉनिक नियंत्रण होतं, आणि १९८४ मध्ये बोइंग ७५७ वर पीडब्ल्यू २०३७ इंजिन सेवेत आलं तेव्हा प्रवासी विमानातल्या इंजिनाचा पूर्ण ताबा डिजिटल संगणकाकडे गेला. फॅडेक म्हणतात ते हेच. दोन स्वतंत्र चॅनेल, आणि विमानाची वीज गेली तरी चालावं म्हणून इंजिनाच्याच गिअरबॉक्सवर फिरणारा स्वतःचा छोटा अल्टरनेटर. कॅम गेले, वजनं गेली. पण संगणकाने हिशेब केला तरी शेवटी इंधन अडवायला आणि सोडायला व्हॉल्व्हच लागतो. विजेच्या इशाऱ्यावर हलणारी टॉर्क मोटर, त्यावरून स्पूल सरकवणारा सर्व्हो व्हॉल्व्ह, स्पूल, आणि स्पूल किती सरकला हे दोन्ही चॅनेलना सांगणारा सेन्सर. कॉम्प्रेसरची फिरणारी स्थिर पाती हलवणारे अॅक्च्युएटरसुद्धा बहुतेक ठिकाणी दाबाखालच्या इंधनावरच चालतात. (फिरणारी आणि वर स्थिर! नाव तसंच पडलं आहे. ती आपल्या जागेवर कोन बदलतात एवढंच.) आमचं काम कमी झालं नाही, अधिक बारीक झालं. सर्किट बोर्डच्या वाटेला मात्र आम्ही गेलो नाही. ती विद्या वेगळी, आणि उसन्या विद्येवर इंजिन चालवायला देऊ नये.

जुनी कामंही आटली नाहीत. पीटी-६ कुटुंबातली हजारो टर्बोप्रॉप इंजिनं अजून जुन्या पद्धतीच्या इंधन नियंत्रणावर उडत आहेत, आणि कॅम वाचता येणारी माणसं कमी होत चालली आहेत. म्हणून काकांच्या शेजारी आम्ही दोन तरुण बसवले आहेत.

कागदपत्रांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एएस ९१०० हे विमानउद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र आहे, ऑडिट होतात, प्रत्येक भागाचा धातू कुठल्या हीटमधला (एकावेळी वितळवलेल्या घाण्यातला) इथपर्यंतची नोंद ठेवावी लागते. नवीन माणसाला याचा कंटाळा येतो आणि तो येणारच. एवढं मात्र सांगायला हवं, की "हा नमुना घ्या, असाच बनवून द्या" म्हणून भाग घेऊन येणारे अजून येतात. मंजूर ड्रॉइंग नसलेला भाग कितीही हुबेहूब असला तरी विमानावर बसवता येत नाही. नमुन्यावरून आकार कळतो. कुठलं उष्णता-संस्करण, कुठली टॉलरन्स, कुठली धार जपायची, हे कळत नाही. त्यांना चहा देऊन परत पाठवतो.

सध्या लक्ष गिअर असलेल्या पंख्याच्या इंजिनांकडे आहे. पंखा आणि टर्बाइन यांच्यामधे मोठा गिअरबॉक्स आला की त्याची उष्णता काढायलाच कितीतरी जादा तेल लागतं. जर्नल बेअरिंग (गोळ्यांऐवजी तेलाच्या थरावर दांडा तोलणारी) असतील तर तेलाचा थर क्षणभरही तुटून चालत नाही. उड्डाणात इंजिन बंद पडून पंखा नुसत्या वाऱ्याने फिरत असला तरीही. या पंपांसाठी आमचा बेंच अपुरा पडतो. दुसऱ्या बेंचचा पाया भरून झाला आहे. त्याचा चिलर उणे ४० अंशांपर्यंत तेल निववून ते तापमान धरून ठेवू शकला तर एका ग्राहकाची कामाची चौकशी पुढे सरकेल. नाहीतर त्या ग्राहकाला आम्ही नाही म्हणून कळवणार आहोत. भागीदारांचं मत अजून वेगळं आहे.