डीट्रेसमधल्या 'इनव्हॅलिड अ‍ॅड्रेस'ने अडवले तेव्हा : माझा अनुभव

मिहानमधल्या आमच्या कार्यालयात फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारी एक जुनी सेवा सुरू होताना नेमकी कोणती कॉन्फिग फाइल उघडते, हे शोधायचे काम माझ्याकडे आले. सोर्स कोड हाताशी नसल्याने मी डीट्रेस हे चालू प्रणालीत काय घडते ते टिपणारे साधन घेतले. प्रोब (निरीक्षणाची जागा) निवडणे, प्रेडिकेटमध्ये (गाळणीच्या अटीत) प्रोसेसचे नाव घालणे, हे विनासायास झाले.

अडले ते कॉपीइनस्ट्र या, प्रोसेसच्या मेमरीतून मजकूर उचलणाऱ्या सबरूटिनपाशी. ओपनॅट या फाइल उघडणाऱ्या सिस्टिम कॉलच्या एन्ट्री प्रोबवर (कॉल सुरू होताना) आर्ग१ मधला, म्हणजे फाइलच्या नावाचा पत्ता असलेला, पॉइंटर कॉपीइनस्ट्रला दिला, की बाकीच्या फायलींची नावे नीट छापली जात आणि मला हवी असलेली ओळ तेवढी 'इनव्हॅलिड अ‍ॅड्रेस' म्हणून गळून पडे. पत्ता खरोखरच चुकीचा असता, तर सेवेला ती फाइल उघडता तरी कशी आली असती? हा संदेश मला अजूनही डाचतो, कारण तो पत्त्यालाच दोष देतो. प्रोब चालू असताना डीट्रेसला पेज फॉल्ट घेऊन, म्हणजे मेमरीचे गैरहजर पान (पेज) आणले जाईपर्यंत, थांबण्याची मुभा नसते. त्यामुळे नाव ज्या पेजवर आहे ते त्या क्षणी प्रोसेसच्या मेमरीत आलेले नसेल, तर कॉपीइनस्ट्र हात टेकते. नुकत्याच सुरू झालेल्या प्रोग्रॅमने बायनरीतल्या एखाद्या स्ट्रिंगला अजून स्पर्शच केलेला नसतो, तेव्हा नेमके हेच घडते.

उपाय असा, की एन्ट्रीवर फक्त पॉइंटर सेल्फ (त्या थ्रेडपुरत्या) व्हेरिएबलमध्ये ठेवावा आणि कॉपीइनस्ट्र रिटर्न प्रोबवर (कॉल संपताना) करावे. तोवर कर्नलने स्वतःच ते नाव वाचलेले असल्याने पेज हजर असते. रिटर्नच्या प्रेडिकेटमध्ये तेच सेल्फ तपासावे आणि काम झाल्यावर ते शून्य करावे. हा बदल केल्यावर हवा तो पाथ पहिल्याच ओळीत आला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

नवख्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की कॉपीइनस्ट्र, बेसनेम, स्ट्रजॉइन ही सबरूटिन्स आहेत आणि ती स्वतः डीट्रेसच्या नोंदींच्या बफरमध्ये काहीच नोंदवत नाहीत. त्यांचे उत्तर ट्रेस किंवा प्रिंटएफ या अ‍ॅक्शनकडे सोपवावे लागते. लांब पाथ मध्येच तुटत असेल तर स्ट्रसाइज (स्ट्रिंगची कमाल लांबी) वाढवावा, कारण त्याची मूळ मर्यादा २५६ बाइटची आहे. स्टॉप, रेझ, सिस्टिम, चिल अशा विध्वंसक (चालू प्रणालीत ढवळाढवळ करणाऱ्या) अ‍ॅक्शन डब्ल्यू (-w) पर्याय दिल्याशिवाय चालत नाहीत, आणि ग्राहकाच्या चालू सर्व्हरवर तो पर्याय मी तरी कुणाला देऊ देणार नाही. यूस्टॅकमध्ये (प्रोसेसमधल्या फंक्शन-कॉलच्या साखळीत) फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्स आकडे दिसले, तर प्रोसेस आधीच संपलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सी (-c) पर्याय देऊन ती डीट्रेसकडूनच सुरू करावी.