शिंदळ माकुडीच्या बारा कुंड्या

गौरी-गणपती होऊन गेले होते. सकाळी रोपवाटिकेचं फाटक उघडून आत आले तर मामा शेवटच्या मांडणीपाशी नुसतेच उभे. "ताई, जरा इकडं या," एवढंच म्हणाले. बारापैकी आठ कुंड्यांत हिरव्या काड्या तेवढ्या उरल्या होत्या. आदल्या दिवशीपर्यंत भरलेली पानं नाहीत, कळ्या नाहीत. अकरा वाजता गिऱ्हाईक या कुंड्या न्यायला येणार होतं.

शिंदळ माकुडी हे आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरचं झाड. महाराष्ट्राबाहेर ते रानात कुठेच आढळत नाही. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी, माणसाचा हात पोचणार नाही अशा कपारीतून लोंबतं. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1865 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून त्याला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. पुढे जगातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींत त्याची गणना झाली. आमच्याकडची रोपं एका जुन्या संग्रहातल्या कुंडीच्या फांद्यांपासून केलेली आहेत. कड्यावरून एक काडीसुद्धा आणलेली नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी सांगते.

या बारा कुंड्यांमागे दोन वर्षं होती. पहिल्या पावसाळ्यात मी काळ्या मातीत लावलेल्या सगळ्या फांद्या बुडातून कुजल्या. मग एकदा पावसात पुरंदरला गेले तेव्हा खालून कडा नीट निरखला. पाणी दगडावरून ओघळत होतं, पण थांबत कुठेच नव्हतं. तेव्हापासून फांदी कापली की आठवडाभर सावलीत सुकवायची, कुंडीत निम्म्याहून जास्त मुरूम आणि बारीक खडी, वर मूठभर पानखत, आणि कुंडी विटेवर तिरकी ठेवायची. थंडी सरली की पाणी जवळजवळ बंद. पानं गळतात, मांसल काड्या तेवढ्या उरतात. नवखा माणूस मेलं समजून उपटून टाकेल. पहिल्या वळवाच्या सरीनंतर त्याच काड्यांना पालवी फुटते. श्रावणापासून फुलं. रुपयाच्या नाण्याएवढी चांदणी, गडद लाल, तिच्यावर पिवळे ठिपके. वास मात्र कुजकट, कारण तिला माश्या बोलवायच्या असतात.

त्या सकाळी मी आधी गोगलगाय शोधली. मग एका काडीच्या आडोशाला दिसली ती काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. एकूण अकरा निघाल्या. रुईवर वाढणाऱ्या त्या नारिंगी फुलपाखराच्या, प्लेन टायगरच्या अळ्या. मामांनी फवाऱ्याचा पंप खांद्याला लावलासुद्धा होता.

"थांबा मामा. या रुईवरच्या आहेत. इथे कशा आल्या?"

मामांनी पंप खाली ठेवला. "रुई कुठं ठेवलीय आपण, ताई? गणपतीच्या आधी कुंपणाकडची सगळी तोडायला तुम्हीच सांगितलं होतंत."

सांगितलं होतं. लोक येणार, आवार नीटनेटकं दिसावं म्हणून. शिंदळ माकुडी रुईच्याच कुळातली, हे मला पाठ होतं. तरी रुई तोडताना माझ्या डोक्यात ते आलं नाही. फुलपाखराला अंडी घालायला जवळपास त्या कुळातलं जे उरलं होतं, ते आम्ही दोन वर्षं जपत होतो. आपल्या कड्यावरचं झाड वाचवायचं म्हणते आणि आपल्याच कुंपणावरची रुई कचरा म्हणून काढते, याचं मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

रस्त्याकडेची रुईची पानं आणून आम्ही एकेक अळी त्यांवर सोडली. सात जणींनी लगेच खायला सुरुवात केली. चौघींनी रुईला तोंड लावलं नाही. त्यांच्यासाठी मी दोन कुंड्या बाजूला काढून ठेवल्या. त्या कोवळ्या काड्याही कुरतडून टाकतील हे दिसत होतं, पण दुसरा उपाय मला सुचला नाही.

गिऱ्हाईक आलं. शाबूत चार कुंड्या नेल्या, उरलेल्यांकडे बघून नाराज झालं. ते साहजिकच होतं. बोडक्या काड्यांना पुन्हा पालवी येईल हे मी सांगितलं, पण तेवढ्यावर कोण पैसे देणार? आगाऊ घेतलेले परत केले.

उन्हाळ्यात चार-पाच महिने पानांवाचून काढणाऱ्या झाडाला ही उपासमार नवी नव्हती. तीन आठवड्यांत बाजूला काढलेल्या दोन सोडून बाकी सहा कुंड्यांत पेरापेरांतून जाड, चकचकीत पानं आली. त्या दोनपैकी एक गेली, दुसरीची एक काडी तगली.

तोवर कुंपणाकडच्या रुईच्या खुंटांनाही धुमारे फुटले होते. गवत कापायला माणूस येणार होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी मामांनी जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून एकेका खुंटाला बांधल्या.