फिश बोर्ड अपडेट: रेल्स जुळल्या, आता कील फिन्स

मंडळी, फिशचं, म्हणजे मी घरी घडवत असलेल्या आखूड, रुंद सर्फबोर्डचं काम बरंच पुढे सरकलंय. आउटलाइन (वरून दिसणारा आकार) आणि रॉकर (टोकांकडे वर जाणारा बाक) आधीच झालं होतं, या आठवड्यात दोन्ही रेल्स, म्हणजे बाजूच्या कडा, जुळल्या आणि मी जाम खुशीत आहे.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी: लांबी 5 फूट 8 इंच, रुंदी 21 इंच, जाडी अडीच इंच, मागे स्वॅलो टेल, म्हणजे माशासारखी दुभंगलेली शेपूट. सॅन डिएगोत राहून फिश न करणं म्हणजे कोल्हापुरात राहून तांबडा-पांढरा न चाखणं. स्टीव्ह लिसने 1967 च्या सुमाराला हा आकार इथेच काढला, तोही गुडघ्यांवर बसून चालवायला, उभ्याने चालवणाऱ्यांनी तो नंतर उचलला. रॉकर कमी, शेपूट रुंद, त्यामुळे लाटेत जोर नसेल तिथेही बोर्ड पळत राहतो, आमच्या इथल्या उन्हाळी लाटांना अगदी हवा तसा.

आता रेल्स. गॅरेजच्या भिंती गडद निळ्या केल्यात, दोन्ही बाजूंना बोर्डाच्या उंचीला ट्यूबलाइट लावल्यात आणि वरचा दिवा काम करताना बंदच असतो. वरून उजेड पडला की पांढरा फोम सगळा सपाट दिसतो, काही म्हणजे काही कळत नाही, पण तोच उजेड बाजूने आला की बारीकसा उंचवटासुद्धा सावली टाकतो. प्लेनरने आधी एक रुंद तिरका पट्टा काढला, मग त्याच्या बाहेर दुसरा अरुंद, आणि दोन पट्टे भेटतात तिथे सावलीची एक रेघ उमटते, ती नोजपासून टेलपर्यंत कुठेही न अडखळता गेली पाहिजे. जिथे रेघ आत वळते तिथे फोम जास्त गेलाय असं समजायचं. रेघ मनासारखी झाली की मगच सँडिंग स्क्रीन (घासायची जाळी) घ्यायची आणि न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत घासायचं, एका जागी उभं राहून घासलं की तिथे खड्डा पडलाच. शेवटी डोळे मिटून दोन्ही रेल्सवर एकदम हात फिरवायचे, डोळ्यांना न दिसलेला फरक तळव्यांना बरोब्बर कळतो.

हल्ली बरेच बोर्ड मशीनवर कापून येतात. त्यात वाईट काही नाही, पण मशीनच्या कटरने सोडलेल्या बारीक धारा घासून काढायला शेवटी माणूसच लागतो आणि त्याला सावली वाचता आली नाही तर कॉम्प्युटरवरचा आकार कितीही अचूक असो, हाताखाली बिघडतोच. म्हणून नवीन लोकांना माझं सांगणं, महागडा प्लेनर नंतर घ्या, आधी लाइट नीट लावा.

अजून एक, ब्लँक, म्हणजे ज्यातून बोर्ड कोरायचा तो फोमचा तयार ठोकळा, निवडताना हव्या त्या आकाराच्या जितका जवळचा मिळेल तितका घ्या. पॉलीयुरेथेन फोम वरच्या थरात घट्ट असतो, आत जाल तसा मऊ, डेक, म्हणजे उभं राहायची वरची बाजू, जास्त सोलला की टाचांचे खड्डे लवकर पडतात. 5 डिसेंबर 2005 ला क्लार्क फोम या ब्लँक बनवणाऱ्या कंपनीने अचानक कारखाना बंद केला तेव्हा इथल्या शेपर्सचे, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्यांचे, हाल झाले ते म्हणूनच, अमेरिकेतले बहुतेक ब्लँक्स त्यांचेच आणि प्रत्येकाचा हात त्यांच्या आकारांवर बसलेला.

कील फिन्स, म्हणजे बोर्डाखाली मागे बसणारे दोन रुंद पंख, प्लायवुडच्या करतोय आणि यात भारी मजा आहे, कारण कडेकडे घासत गेलं की प्लायचे एकेक थर उघडे पडतात आणि नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे दिसतात. दोन्ही फिन्सवर त्या रेषा सारख्या आल्या की फॉइल (जाडीचा उतार) सारखा झाला, वेगळं मोजायची गरजच नाही. डावी झाली, उजवीचा पुढचा काठ बाकी आहे.

त्यानंतर ग्लासिंग, म्हणजे रेझिनने फायबरग्लासचं कापड चढवणं. खाली 6 औंसचा एक थर, डेकवर 6 आणि 4, पॉलिएस्टर रेझिन. फिन्स ग्लास-ऑनच, म्हणजे बोर्डाला कायमच्या चिकटवलेल्या, करणार. टो-इन, म्हणजे फिन्सची पुढची टोकं आत वळवणं, अगदी थोडा ठेवायचा विचार आहे, कुणी फिशवर लाकडी कील बसवल्या असतील तर किती ठेवला आणि बोर्ड कसा वळतो ते नक्की लिहा, रेझिन कालवायच्या आत ठरवायचंय.