कासला माहिती केंद्र बांधायचं तर आधी गावाला विचारा

साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि सप्टेंबरमध्ये फुलं बघायला तिकडे जत्रा भरायला लागली, आता ऑनलाइन बुकिंग आहे, दिवसाला ३००० लोकांची मर्यादा आहे आणि तिकीट, पार्किंग, फुलांवर पाय देणाऱ्यांना ओरडणं हे सगळं आसपासच्या गावांच्या समित्या बघतात, ते खरं तर भारीच आहे.

पण अशा ठिकाणी माहिती केंद्राचा विषय निघाला की आर्किटेक्ट थ्रीडी फोटो घेऊन येतो, काचेच्या भिंती वगैरे, आणि ग्रामसभेत फक्त सह्या घ्यायच्या बाकी असतात. अरे बाबा, सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, माती असते जेमतेम बोटभर, खाली सगळा जांभा, पावसाचं पाणी कुठून वाहतं नि कुठे साठतं हे तिथे गुरं चारणाऱ्या मावशीला विचार ना. कुंपणाचं काय झालं आठवतंय? फुलं वाचवायला जाळी मारली, गुरं थांबली तर गवत माजलं आणि फुलंच कमी झाली असं गावकरी सांगत होते, शेवटी जाळी काढावी लागली.

माझं म्हणणं, बिल्डिंग वर पठारावर नकोच, खाली गावात करा, तीही छोटी. आधी संडास आणि पाणी (बायकांना विचारा किती हाल होतात), मग पिठलं-भाकरीचे गाळे, ते गावच्या बचत गटांनाच, बाहेरच्या ठेकेदाराला नाही. आणि सीझन संपल्यावर उरलेले दहा महिने तिथे काय चालणार, वीजबिल कोण भरणार, हे नकाशाच्या आधी ठरवा.