माझं कुठं ऐकतोय

साडेअकरा वाजून गेलेत, झोप नाही. कारण सांगितलं तर लोक हसतील.

जेवताना ओंकारनं सहज सांगितलं. शनिवारी वाढदिवसाला पोरं रंकाळ्यावर जमली होती. केक झाला, मग कुणीतरी सॅकमधनं बियर काढली. प्लास्टिकचे ग्लास भरले, एक ह्याच्याही पुढं आला. ह्यानं हात लावायच्या आत साहिलनं तो उचलला आणि बर्थडे बॉयच्याच हातात दिला. "ह्याला नको, सकाळी फुटबॉलची प्रॅक्टिस हाय. तुझा दिवस भावा, तूच घे." सगळे हसले, विषय संपला. मग दोघं गंगावेशीत जाऊन दूध पिऊन आले. म्हशीची धार समोर काढलेली, ग्लासवर बोटभर फेस. "नाद खुळा, आई," म्हणत ह्यानं आणखी एक भाकरी वाढून घेतली.

आनंद व्हायला हवा ना? झाला. पण भांडी घासता घासता टोचायला लागलं. साहिलचं ऐकलं.

26 जूनला शाहू जयंती, त्याच दिवशी अमली पदार्थविरोधी दिन. फेरीत ह्याच्या हातात फलक देऊन दसरा चौकात फोटो काढणारी मी. बियरला 21 पूर्ण लागतात, कडक दारूला 25, हा कायदा मी पाठ करून घेतला. मेंदू पंचविशीपर्यंत घडत असतो, हे कात्रण फ्रीजवर चिकटवलं. अजून आहे तिथं, वरनं दुधाचा हिशेब लिहिलाय. माझ्या दादाचं सगळं सांगून झालं. म्हणजे, सगळं नाही. जाऊ दे.

आणि ऐकलं कुणाचं? साहिलचं.

"ठामपणे नाही म्हणायला शीक" हे मी घोकवून घेत राहिले. साहिलनं ह्याच्यावर नाही म्हणायची वेळच येऊ दिली नाही. चारचौघांत, तेही सोळाव्या वर्षी, नाही म्हणणं किती जड जातं हे मला कुठनं कळणार? माझ्यापुढं कोण ग्लास धरतंय! तिथं ह्याला कायदा नको होता, मेंदूही नको होता. कुणी हसणार नाही असं एक कारण हवं होतं आणि ते ह्याच्या वतीनं बोलणारा कुणीतरी. कळतंय मला. तरी टोचतंय.

मग मघाशी एकदम कपिलतीर्थ मंडई आठवली. साहिलची आई भेटली होती. साहिलच्या धुवायच्या पँटच्या खिशात तंबाखू-सुपारीच्या माव्याची पुडी सापडली म्हणे, वर रबर गुंडाळलेलं. (गुटख्यावर बंदी 2012 पासून, मावा टपरीवर चोळून मिळतोच.) "तुमच्या ओंकारनं काय सांगितलं देव जाणे, तवापास्नं पुडी दिसली नाही. माझं मेलं कुठं ऐकतोय!" मी दोडके निवडत होते, नुसती मान हलवली.

उठले, ओंकारच्या खोलीत गेले. मोबाइल चालूच होता. विचारलं, काय सांगितलंस रे साहिलला?

"काय नाही. म्हटलं, तोंडाचा वास येतोय, माझ्या सायकलवर डबलसीट बसू नको."

एवढंच! मी असते तर तोंडाच्या कॅन्सरपासून सुरुवात केली असती, फोटोसकट.

रविवारी साहिलला जेवायला बोलव म्हटलं, तांबडा-पांढरा करते. "बोलावतो. पण तू भाषण देणार नसशील तर," म्हणाला. कबूल केलंय.