एवढंच होतं?

परवा रात्री इंटरनेटवरच्या माझ्या लिखाणाच्या पानाची सगळी सजावट उतरवली आणि नवी साधी मांडणी धाकटीला दाखवली, तेव्हा ती सहज म्हणाली, "ताई, एवढंच होतं?" तिला सजावटीविषयीच विचारायचे होते, हे मला कळते. तरी दोन दिवस झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही, कारण मला तो लिखाणाविषयी ऐकू आला.

काढले ते फार नव्हते: उजवीकडचा रकाना, त्यातली दिनदर्शिका, भेटी मोजणारा आकडा, शीर्षकामागचे ढग आणि प्रत्येक नोंदीच्या तळाशी येणारी वेलबुट्टीची पट्टी. हे सारे मी एकेक करून हौसेने जमवले होते. ते दिवस कसे होते, ते आता लिहीत बसत नाही. सगळे निघाल्यावर पांढऱ्या पानावर काळी अक्षरे तेवढी उरली. एक नोंद तर जेमतेम तीन ओळींची निघाली. भोवती भरगच्च होते तोवर ती कधी तोकडी वाटली नव्हती. मला स्वतःचीच कीव आली. इतक्या वर्षांत एवढंच? वेलबुट्टी दोन बोटे वर घ्यावी की खाली, हे ठरवण्यात ज्या रात्री गेल्या, त्या लिहिण्याच्याच होत्या ना?

मग निदान अक्षरे तरी नीट करावीत म्हणून बसले. जुनी मांडणी रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली असल्यामुळे ओळींमधले अंतर अक्षराच्या मापाच्या १.२ पट होते. रोमनला ते पुरते. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे एका ओळीतला 'कू' खालच्या ओळीतल्या रफाराला टेकलेला असे. ते अंतर १.७ केले आणि पान श्वास घेऊ लागले. नक्षीदार फॉन्ट काढून साधा घेतला, तेव्हा मात्र दिसले की जिथे जिथे 'दऱ्या' हव्या होत्या, तिथे तिथे 'दर्या' आहे. त्या नक्षीदार फॉन्टमध्ये मराठीचा आडवा अर्धा र नव्हताच. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, ऱ ला स्वतःची जागा आहे खरी, पण फॉन्ट आखणाऱ्याने त्याचे जोडरूपच काढले नसेल, तर टिंब आणि पायमोडका र तेवढा उमटतो. तो दिसायला वाईट, म्हणून मीच केव्हातरी रफारावर भागवले असणार. म्हणजे फॉन्ट शोभून दिसावा म्हणून मी डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र केला होता, आणि इतक्या वर्षांत तो कोणाच्याही, अगदी माझ्यासुद्धा, नजरेला खुपला नव्हता. यावर रडायचे ठरवले असते तरी जमले नसते.

एकेक नोंद उघडून दुरुस्त करण्याचा धीर नव्हता, म्हणून सगळीकडचा 'दर्या' शोधून त्या जागी 'दऱ्या' घालण्याची आज्ञा संगणकाला एकदाच दिली आणि निवांत चहा करायला गेले. परत येऊन पाहते तो ढगांच्या चित्राविषयी मी कधीकाळी लिहिलेल्या कौतुकात 'सौंदर्याची' ऐवजी 'सौंदऱ्याची' झालेली. ती तेवढी हाताने सुधारली आणि उरलेले पाहायचा कंटाळा केला.

एवढंच होतं का, याचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही. मोजायला बसले, तर बहुधा एवढंच होतं.

आज रात्री धाकटीचा निरोप आला. बाकी काही नाही, एकच ओळ: "ताई, दऱ्या खवळला म्हणजे नक्की काय झालं गं?"

ते वाक्य त्या तीन ओळींच्या नोंदीतले आहे.